कडू कवठ आणि डॉ. भाऊ दाजी

डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आपल्याकडील जुन्या घराण्यांत अपरिचित नाही. कोणी त्यांना कालिदासाच्या कालनिर्णयाची चर्चा करणारे संशोधक म्हणून ओळखतात, कोणी गिरनार आणि अजिंठा येथील लेखांचे वाचक म्हणून, तर कोणी मुंबईचे दोन वेळा शेरीफ झालेले नागरिक म्हणून. मुंबईस भायखळ्याच्या राणीच्या बागेशी असलेले जुने वस्तुसंग्रहालय १८७२ साली लोकांस खुले झाले. १९७५ पासून त्याला त्यांचेच नाव आहे. परंतु भाऊ दाजी हे मुळात वैद्य होते, आणि वैद्य या नात्याने त्यांनी ज्या प्रश्नाला हात घातला तो आजही पुरता सुटला आहे असे मला वाटत नाही. औषध ज्या मालापासून तयार होते तो माल खरा आहे काय, तो ओळखावा कसा, आणि खोटा निघाल्यास जबाबदार कोण, हाच तो प्रश्न. त्यांच्या चरित्राकडे आज मी मुख्यतः याच अंगाने पाहणार आहे.

भाऊंचा जन्म १८२२ च्या सुमारास गोमंतकातील पेडणे महालात, मांद्रे या गावी झाला. उत्तरेस तेरेखोलची खाडी आणि दक्षिणेस शापोऱ्याची नदी यांच्या मधला हा मुलूख. समुद्राच्या काठाने मोरजी, मांद्रे, हरमल, केरी अशी गावे एकामागून एक लागतात. आपल्या करवीरकरांस या महालाचे स्मरण दुसऱ्या एका कारणाने असावयास हरकत नाही. सावंतवाडीकर भोसल्यांनी १७८८ साली पेडणे पोर्तुगीजांच्या स्वाधीन केले, ते कोल्हापूरकरांशी चाललेल्या युद्धात मदत मिळावी म्हणून. भाऊ जन्मले तेव्हा तेथे पोर्तुगीज अंमल बसून जेमतेम तीस-पस्तीस वर्षे झाली होती; लोकांची भाषा, दैवते आणि येणे-जाणे मात्र घाटावरचे आणि वाडीचेच राहिले होते.

मांद्र्याला लागूनच हरमल. त्या गावाचे एक नवल असे, की समुद्रापासून हाकेच्या अंतरावर डोंगराच्या कुशीत गोड्या पाण्याचे तळे आहे. एका अंगाला खारे पाणी, दुसऱ्या अंगाला गोडे, आणि मध्ये वाळूचा चिंचोळा पट्टा. डोंगरातून येणाऱ्या ओहोळाच्या काठाने वर जावे तर दाट सावलीची झाडे लागतात. आज हरमलची कीर्ती परदेशी पाहुण्यांमुळे सर्वदूर पोचली आहे. परंतु या किनाऱ्याचे जुने धन म्हणजे त्याची झाडे. मी तिकडे फाल्गुनात गेलो होतो, तो सुरंगीचा हंगाम. सुरंगीच्या कळ्या जुन्या फांद्यांच्या अंगालाच लगडतात. पहाटे त्या काढावयाच्या, बायकांनी वळेसर करून विकावयाचे, आणि उरलेल्या कळ्या उन्हात वाळवून व्यापाऱ्याला घालावयाच्या, अशी तिकडची रीत आहे.

ह्या वाळलेल्या कळ्यांचे पुढे काय होते हे पाहण्यासारखे आहे. आपल्या शहरातील एखाद्या जुन्या काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन नागकेशर मागा. खरे नागकेशर म्हणजे नागचाफ्याच्या फुलातील केसर. परंतु बाजारात तांबडे नागकेशर म्हणून जे मिळते ते ह्या सुरंगीच्या कळ्या, आणि काळे नागकेशर म्हणून जे मिळते ती दालचिनीच्या जातीच्या झाडांची कोवळी फळे. नाव एक, माल तीन, आणि गुण तिघांचे निरनिराळे. यात हरमलच्या गावकऱ्याची लबाडी काडीइतकीही नाही. तो सुरंगीला सुरंगीच म्हणतो. नाव बदलते ते पुढे, अडत्याच्या वखारीत आणि पोत्याच्या चिठ्ठीवर. झाडापासून रोग्यापर्यंत माल जितक्या हातांतून जातो तितक्या ठिकाणी तो बदलण्याचा संभव असतो, हे सूत्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. ही चिंता काही नवी नव्हे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापविलेल्या ग्रंथात औषधी द्रव्ये कोठून येतात आणि त्यांतले अस्सल कोणते, याचाच ऊहापोह केलेला आहे.

असो. भाऊ लहान असतानाच त्यांचे वडील कुटुंब घेऊन मुंबईस आले. घरची स्थिती अगदी बेताची. वडील मातीच्या बाहुल्या करून विकत. बुद्धिबळाच्या खेळात या मुलाची चलाखी एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेस आली आणि त्याने वडिलांस सांगून मुलाला इंग्रजी विद्येकडे वळविले, अशी हकीकत आहे. पुढे एल्फिन्स्टन विद्यालयात शिक्षण, तेथेच अध्यापकी, आणि काठेवाड-कच्छकडील बालकन्याहत्येवर लिहिलेल्या निबंधास बक्षीस, अशी पायरी पायरीने त्यांची चढती झाली.

मुंबईस १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले आणि त्याच्या शेजारीच जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून रुग्णालय उभे राहिले. भाऊ या कॉलेजात दाखल झाले. १८५१ साली जी पहिली तुकडी बाहेर पडली तीत आठ जण होते. त्यांत भाऊ दाजी होते, प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग होते, आणि गोमंतकातीलच जुझे कामिल लिस्बोआ होते, ज्यांनी पुढे मुंबई इलाख्यातील उपयुक्त वनस्पतींविषयी ग्रंथ लिहिला. भाऊ आणि लिस्बोआ हे दोघे गोमंतकीय, आणि दोघांनाही झाडपाल्याचा नाद, ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही. ज्या भूमीत प्रत्येक घरच्या परसात औषध उगवते, तेथल्या मुलाला वनस्पती ओळखण्याची दृष्टी घरीच मिळत असली पाहिजे.

त्या काळच्या इस्पितळांत बरीचशी औषधे विलायतेहून गलबतांतून येत. ती महाग असत, आणि लांबच्या प्रवासाने जुनी होत. येथल्या बाजारातील औषधी वापराव्या तर त्यांची ओळख पटविणारे कोणी नव्हते. वैद्यांजवळ संस्कृत नावे होती, परंतु एकाच नावाने निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळी झाडे चालत. डॉक्टरांजवळ लॅटिन नावे होती, परंतु बाजारातले पोते त्या नावाचे आहे याला प्रमाण काही नव्हते. भाऊंनी या दोहोंच्या मध्ये उभे राहावयाचे ठरविले. त्यांनी संस्कृताचा कसून अभ्यास केला, आयुर्वेदाच्या ग्रंथांत ज्या वनस्पतींचे मोठे गुण सांगितले आहेत त्या मिळवून रोग्यांवर पारखून पाहण्याचा उद्योग आरंभिला, आणि बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. ग्रंथात आहे म्हणून खरे नव्हे आणि ग्रंथात आहे म्हणून खोटेही नव्हे, ही त्यांची भूमिका त्या काळी दोन्ही पक्षांस रुचणारी नव्हती.

हीच वृत्ती त्यांच्या संशोधनातही दिसते. प्राचीन लेखांच्या ज्या नकला त्या वेळी हाती येत त्या विश्वासार्ह नसत. त्यावर भाऊंनी काय केले? १८६१ पासून त्यांनी जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांस आपल्याजवळ ठेवून घेतले आणि त्यांस ठिकठिकाणी पाठवून प्रत्यक्ष शिळेवरून नवे ठसे व नकला आणविल्या. मूळ वस्तूपर्यंत आपला माणूस गेलाच पाहिजे, ही त्यांची धारणा. आज औषधांच्या कारखान्यांत माल पुरविणाऱ्याच्या जागेवर जाऊन तपासणी करण्याची जी पद्धत आहे, तिचे बीज मला या पंडिताच्या प्रवासात दिसते. सत्य सांगण्याची त्यांची तयारीही तशीच होती. १८६२ च्या गाजलेल्या महाराज लायबल खटल्यात, एका प्रतिष्ठित धर्मगुरूच्या रोगासंबंधी, वैद्य म्हणून त्यांनी न्यायालयात साक्ष दिली. असे करण्यास धैर्य लागते.

आता मी त्यांच्या वैद्यकी जीवनातील मुख्य प्रकरणाकडे येतो. कुष्ठरोग, ज्याला आपल्या जुन्या बोलीत रक्तपिती किंवा महारोग म्हणत, तो त्या काळी असाध्य समजला जाई. रोगी घरातून जाई, गावातून जाई आणि शेवटी देवळाच्या किंवा नदीच्या घाटावर राही. भाऊंनी हा रोग हाती घेतला. त्यांच्या औषधाचा मूळ घटक म्हणजे कडू कवठाच्या बियांचे तेल. कडू कवठ हे आपल्या कोकणातील आणि गोमंतकातील झाड. ओढ्याकाठच्या ओलसर रानात ते वाढते. फळ गोल, कवठासारखे. आत गरात बसलेल्या कोनदार बिया. त्या बियांचे तेल खरजेवर आणि हट्टी त्वचारोगांवर लावण्याचा प्रघात किनाऱ्यावर पूर्वीपासूनच होता. पेडण्याच्या या पुत्राने आपल्याच किनाऱ्यावरील घरगुती औषध मुंबईच्या दवाखान्यात नेले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

रोग्यांस गुण आला, गाजावाजा झाला, परंतु आपली कृती भाऊंनी हयातीत प्रसिद्ध केली नाही. नॉर्वेच्या हान्सेन यांना कुष्ठरोगाचे जंतू आढळले ते १८७३ साली. दुसऱ्याच वर्षी, ३१ मे १८७४ रोजी, भाऊ दाजी वारले. औषधाची पुरती पारख होईपर्यंत बोलू नये असा त्यांचा हेतू असावा, असे मी मानतो. ज्याने शिलालेखाची नक्कलही पुन्हा तपासून घेतली त्याला हे शोभण्यासारखेच आहे. तरी त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला असे म्हणणे भाग आहे, की या मौनाची किंमत मोठी पडली. गुप्त औषध जोवर एका प्रामाणिक वैद्याच्या हाती असते तोवर रोगी सुरक्षित असतो. तो वैद्य गेला की बी कोणते, झाड कोणते, तेल ताजे की शिळे, हे सांगणारे कोणी उरत नाही. औषधाची कृती झाकली की माल पुरविणाराही झाकला जातो.

ही भीती पोकळ नव्हती हे पुढच्या इतिहासाने दाखविले. तिकडे कलकत्त्यास डॉ. मौअट यांनी १८५४ सालीच चालमोगऱ्याचे तेल कुष्ठरोगावर उपयोगी आहे असे जाहीर केले होते. चालमोगरा हे कडू कवठाचेच भाऊबंद. १८६८ साली हिंदुस्थानासाठी जो सरकारी औषधिकोश निघाला त्यात हे औषध घेण्यात आले, परंतु त्याचे झाड म्हणून नाव पडले भलत्याचेच, गायनोकार्डिया नामक वृक्षाचे. सुमारे तीस वर्षे हे नाव पुस्तकांतून चालत राहिले. १९०० च्या सुमारास पॅरिसमध्ये देप्रे या संशोधकाच्या ध्यानात आले, की बाजारातील बी आणि पुस्तकातील झाड जुळत नाहीत. आणि १९०१ साली कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख डेव्हिड प्रेन यांनी खरे झाड निराळेच असल्याचे दाखविले. ते ब्रह्मदेश आणि चितगावकडचे होते. त्यानंतर १९०४ पासून लंडनमध्ये फ्रेडरिक पॉवर आणि त्यांचे सहकारी यांनी तेलाचे पृथक्करण केले. खऱ्या चालमोगऱ्यात आणि आपल्या कडू कवठात जी विशिष्ट अम्ले सापडली ती गायनोकार्डियाच्या तेलात मुळीच नव्हती.

याचा अर्थ वाचकांनी नीट लक्षात घ्यावा. ज्याने पुस्तक प्रमाण मानून झाड गाठले आणि त्याचे तेल काढले, त्याच्या रोग्याला त्या औषधाचा गुण येण्याचे कारणच नव्हते. मग वैद्य म्हणणार औषध निरुपयोगी, रोगी म्हणणार नशीब खोटे, आणि दोष मात्र पोत्यावरच्या चिठ्ठीचा! पुढे १९१५ साली हवाई बेटांत ॲलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनतज्ञ स्त्रीने ह्या तेलापासून टोचण्याजोगे द्रव्य तयार केले, आणि दुसऱ्याच वर्षी, वयाच्या चोविसाव्या वर्षी ती निवर्तली. १९२० साली जोसेफ रॉक हा वनस्पतिशास्त्रज्ञ खरे बी मिळविण्यासाठी सयाम आणि ब्रह्मदेशाच्या अरण्यांत स्वतः हिंडला. मूळ झाडापर्यंत माणूस पाठवावयाचा, ही भाऊ दाजींचीच रीत. आणि हिंदुस्थानात, कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत डॉ. म्यूर यांनी १९२० नंतरच्या काळात पसंती दिली ती पश्चिम किनाऱ्यावरील कडू कवठाच्या तेलाला. भाऊंच्या निवडीवर असे पन्नास वर्षांनी शिक्कामोर्तब झाले. १९४० नंतर सल्फोन जातीची औषधे आली आणि कडू कवठाची कामगिरी संपली. १९८१ पासून अनेक औषधे एकत्र देण्याची जी पद्धत रूढ झाली तिने हा रोग आता पूर्ण बरा होतो, हे आपण सर्व जाणतोच.

रोग हटला, मालाचा प्रश्न हटला नाही. १९३० साली नेमलेल्या कर्नल चोप्रा यांच्या चौकशी समितीने देशातील औषधांच्या भेसळीवर प्रकाश पाडला, आणि १९४० साली औषधांचा कायदा झाला. कायदा झाल्यावर तरी निश्चिंत व्हावे, तर १९८६ च्या आरंभी, भाऊ दाजी ज्या कॉलेजात शिकले त्याच्याच जे. जे. रुग्णालयात चौदा रोगी दगावले. त्यांना ग्लिसरीन देण्यात आले होते. ग्लिसरीन हे निरुपद्रवी, गोडसर, घरोघरी ठाऊक असलेले द्रव्य; परंतु त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडांचा नाश करणारे कारखानी द्रव्य मिसळलेले निघाले. दिसायला दोन्ही सारखी, चवीलाही दोन्ही गोड, आणि दुसरे स्वस्त. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. तीतून जे दिसले ते असे, की डॉक्टरांनी औषध विश्वासाने दिले, परंतु खरेदी करणारे, परवाना देणारे आणि तपासणारे अशा अनेक हातांतून तो माल पारख न होता पुढे सरकला होता. नागकेशराच्या पोत्याचीच ही गोष्ट, फक्त परिणाम प्राणघातक.

तेच विष २०२२ साली आफ्रिकेतील गांबिया देशात आपल्या देशात बनलेल्या खोकल्याच्या औषधांतून साठाहून अधिक मुलांच्या मृत्यूशी जोडले गेले, आणि २०२५ साली मध्यप्रदेशात छिंदवाड्याकडील कोवळी मुले त्यानेच नेली. या प्रत्येक प्रसंगी प्रश्न एकच निघतो : कारखान्यात पिंप आले तेव्हा ते कोणी उघडून पाहिले?

गोव्यात आज वेर्णे, कुंडई वगैरे ठिकाणी औषधांचे मोठे कारखाने आहेत. या धंद्यातील जाणती माणसे जे सांगतात ते साध्या भाषेत असे आहे. माल देणाऱ्याची निवड केवळ भावावरून करू नये. त्याची जागा, त्याची यंत्रे आणि त्याची वही पाहून करावी. त्याच्या दाखल्यावर विसंबू नये. आलेल्या मालाची ओळख आपल्या प्रयोगशाळेत पटवावी, आणि जेथे धोका मोठा तेथे एकूण एक पिंपाची पटवावी. मधला अडत्या असेल तर मूळ कारखानदार कोण हे त्याच्याकडून वदवून घ्यावे. माल देणाऱ्याने आपली कृती किंवा जागा बदलली तर ती आधी कळविण्याची अट घालावी. आणि ज्या मालाला एकच देणारा आहे, त्याच्यासाठी दुसरा देणारा अगोदरच पारखून ठेवावा. नाहीतर तुटवड्याच्या दिवसांत जो मिळेल तो माल घेण्याचा मोह होतो, आणि अनर्थ बहुधा अशाच दिवसांत घडतो. सरकारनेही २०२३ च्या अखेरीस औषध उत्पादनाच्या नियमांची सुधारलेली सूची काढून धोक्याचा आगाऊ विचार करणे ही कारखानदाराची जबाबदारी ठरविली आहे. नियम चांगले आहेत. ते पाळले जातात की नाही हे पाहणारी दृष्टी हवी.

ती दृष्टी भाऊ दाजींजवळ होती. माझ्या मते त्यांच्या चरित्राचे सार दोन गोष्टींत आहे. पहिली त्यांनी करून दाखविली : नावावर जाऊ नये, मूळ वस्तूपर्यंत जावे, मग ती गिरनारची शिळा असो की ओढ्याकाठचे कडू कवठ असो. दुसरी त्यांच्या हातून राहून गेली, आणि ती आपण त्यांच्या उणिवेतून शिकावयाची आहे : जे पारखले ते लिहून ठेवावे आणि चार लोकांपुढे उघडे करावे, म्हणजे पारखणारा गेला तरी पारख मागे उरते. भाऊंसारखा मनुष्य पहिल्या गुणाने मोठा झाला; परंतु रोग्यांचे रक्षण करावयाचे तर दोन्ही गुण लागतात.

आपल्या घरांतून आजही परसातली औषधे आणि बाजारची औषधे दोन्ही चालतात. घरातील वृद्ध बायकांना कोणते पान कोणत्या झाडाचे हे अजून ठाऊक आहे, परंतु पुढच्या पिढीला ते ठाऊक राहील याचा भरवसा नाही. म्हणून माझी वाचकांना एवढीच विनंती आहे, की घरातील जाणत्या माणसाकडून झाडांची नावे आणि ओळख लिहून घ्यावी. औषधाची बाटली घेताना ती बनविणाऱ्याचे नाव, परवान्याचा क्रमांक आणि मुदत वाचावी. आणि शंका आली तर दुकानदाराला विचारण्यास संकोचू नये. मांद्र्याच्या त्या बाहुल्या विकणाऱ्याच्या मुलाने मोठमोठ्यांना प्रश्न विचारण्यास संकोच केला नाही, म्हणूनच आज त्याचे नाव आपण आदराने घेतो.